राऊतबाई आणि ऑस्कर निखिल ठाकूर

राऊतबाईंनी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा कुठला शब्द उच्चारला असेल, तर तो 'उसव'. शाळेत त्या आम्हाला शिवण शिकवायच्या. आम्ही मुली रुमालाच्या कडेला हेम घालून तो घामेजल्या हातांनी त्यांच्यापुढे धरायचो. बाई चष्मा कपाळावर चढवायच्या, कापड उजेडाकडे न्यायच्या आणि परत देत म्हणायच्या, "उसव." रागावून नाही, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तितक्या सहज. एक काज तर त्यांनी मला इतक्यांदा उसवायला लावलं की शेवटी त्या जागी कापडच उरलं नाही, नुसतं भोक राहिलं. मी म्हटलं, "बाई, काज म्हणजे भोकच ना?" त्या म्हणाल्या, "भोक उंदीरही पाडतो. काजाला कडा लागते."

निवृत्त झाल्यावर त्या नागावात, आमच्या शेजारच्या वाडीत एकट्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं. का नाही, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. आळीत नव्याने आलेल्या एका सुनेने एकदा विचारलं, तेव्हा बाईंनी तिच्या ब्लाउजची बाही उलटून बघितली आणि "हे कुणी शिवलं?" एवढंच विचारलं. विषय तिथेच संपला. ओटीवर पायाने चालवायचं शिवणयंत्र, मागे नारळी-पोफळीची वाडी, आणि गळ्यात कायम मोजपट्टी. देवळात जातानाही ती काढायच्या नाहीत. माणूस समोर आला की नजरेनेच त्याचं माप घ्यायच्या. "शुभा, तुझा डावा खांदा उतरलाय, पर्स उजव्या खांद्याला लावत जा," हे त्यांचं मला 'कशी आहेस' म्हणणं.

बाई गेल्या वर्षी गेल्या. आता त्यांचा विषय निघाला की आळीतली माणसं शाळेचं, शिवणाचं सांगत नाहीत, कुत्र्याचं सांगतात. मीही तेच सांगणार आहे.

दसरा नुकताच झाला होता. बाईंची भाची मधुरा आणि तिचा नवरा निखिल मुंबईहून गाडीने आले ते नाकाला रुमाल लावूनच. गाडीत एक बीगल जातीचं पिल्लू होतं आणि त्याने वडखळपासून कार्लेखिंडीपर्यंत एकही खड्डा न चुकवता प्रत्येक खड्ड्याला उलटी केली होती. लांब कान, पांढरे पाय, आणि सगळ्या जगाने आपल्यावर अन्याय केल्यासारखे डोळे.

"मावशी, थोडे दिवस ठेव ना गं याला," मधुरा म्हणाली. "आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात. हा एकटा रडतो आणि सोसायटीवाले आम्हाला ओरडतात."

"थोडे म्हणजे किती?"

"जरा अक्कल येईपर्यंत. फेब्रुवारीत पनवेलला डॉग शो आहे, निखिलला याला त्यात उतरवायचंय. तो झाला की आम्ही घेऊन जाऊ."

आता बाई कुत्र्यांच्या बाजूच्या नव्हत्या आणि विरुद्धही नव्हत्या. वाडीत शिरलेल्या कुत्र्याला त्या "घरी जा" म्हणायच्या आणि ते जायचं. पण 'अक्कल येईपर्यंत' या शब्दांनी त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली. त्यांनी निखिलला समोर बसवलं आणि विचारलं, "अक्कल म्हणजे नेमकं काय काय यायला हवं?"

निखिलने सांगितलं. कुत्र्याने टेबलावर न हलता उभं राहायला हवं. परीक्षक त्याचे दात, कान, पाठ, शेपटी, सगळं हात लावून तपासतात, तेव्हा त्याने हूं की चूं करता कामा नये. मग पट्टा सैल ठेवून सरळ रेषेत दुडकत जायचं. शिवाय पिल्लांसाठी एक अडथळ्यांची गमतीची शर्यत असते. बोगद्यातून जायचं, फळीवर चढून उतरायचं, खांबांमधून नागमोडी पळायचं.

"नाव काय?"

"ऑस्कर."

"पूर्ण नाव?"

निखिल गोंधळला. बाईंनीच मग हजेरी घ्यावी तसं म्हटलं, "ऑस्कर निखिल ठाकूर." आणि पुढे त्याने काही आगळीक केली की सगळ्या आळीला हेच पूर्ण नाव ऐकू यायचं. पहिल्याच आठवड्यात आमच्या सासऱ्यांची कवळी त्याने पळवली, तेव्हा ते इतक्या जोरात ऐकू आलं की मुंबईत बसलेल्या निखिललाही उचकी लागली असेल.

बाईंनी अभ्यास सुरू केला. मोबाइलवर कुत्रे शिकवणाऱ्या लोकांच्या चित्रफिती बघायच्या, पण आवाज बंद करून. मी विचारलं तर म्हणाल्या, "तोंडाने कुणीही शिकवतं. हात बघायचे." बक्षीस म्हणून सुकट. ती धुऊन, उकळून, खारटपणा पार घालवून बाई डबीत भरायच्या. ती डबी पूर्वी बटणांची होती. त्यामुळे कुणी ब्लाउज शिवायला आलं आणि बटणं चाळायला डबी खडखडली की ऑस्कर येऊन समोर ताठ उभा. बटणं नुसती हुंगून तो बाईंकडे अशा नजरेने बघायचा की गिऱ्हाईकच ओशाळायचं.

टेबल म्हणजे अर्थातच शिवणयंत्राचं टेबल. त्यावर त्याला उभं करायचं, चारही पाय ओळंब्यात, मान वर. तो जरा हलला की बाई त्याला उचलून खाली ठेवायच्या, म्हणायच्या "उसव", आणि पुन्हा पहिल्यापासून. पण उभं राहून काय उपयोग, परक्या माणसाने तपासायला नको का? बाईंनी फर्मान काढलं. दारात येईल त्याने आधी ऑस्करचे दात बघायचे, मग काम सांगायचं.

अक्षीहून म्हावरं घेऊन येणारी हिरा पहिल्या दिवशी टोपली उतरवून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय गो बाय, मी म्हावरा इकाला आलंय का कुत्र्याचं दात बगाला?"

"आधी दात. मग बोंबील घेते."

हिराने एका हाताने त्याचा जबडा उचकटला, आत डोकावली आणि मान हलवली. "ताज्या माशाचा कल्ला उघराचा तसाच हाय यो. लाल हाय. ताजा हाय." बाई खूश झाल्या. परीक्षक इतका सराईत हात लावेल की नाही याची त्यांना शंकाच होती. पुढे हिरा इतकी तयार झाली की टोपली डोक्यावर ठेवूनच एका हाताने तपासणी उरकायची.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर बाईंनी कहर केला. आम्ही सगळ्याजणी काठापदराच्या साड्या नेसून गेलो, तर ओटीवर टेबल मांडलेलं आणि त्यावर ऑस्कर उभा. आधी ऑस्करची तपासणी, मग हळदीकुंकू, मग वाण. रांग लागली. दात झाले, कान झाले, पाठ झाली. मग बाई गंभीर आवाजात म्हणाल्या, "तो नर आहे. परीक्षक मागूनही तपासतात. दोन्ही जागच्या जागी आहेत ना, ते बघतात."  कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळी ओटीच हसत सुटली. "वकिलीणबाई, तुम्ही बघा, तुम्हाला पुराव्यांची सवय आहे," असं म्हणत एकमेकींना पुढे ढकलणं सुरू झालं. वकिलीणबाईंनी पदर खोचला आणि डोळे मिटून कर्तव्य पार पाडलं. ऑस्कर मात्र ढिम्म. त्या दिवशी बाई मला म्हणाल्या, "टेबलाचं आता पक्कं झालं."

पुढच्याच रविवारी निखिल आला. परीक्षक दिसतात तसा ब्लेझर आणि टाय घालून त्याने ऑस्करच्या तोंडाला हात लावला मात्र, ऑस्करने टेबलावरून उडी मारली आणि तो थेट माजघरात तांदळाच्या पिंपामागे जाऊन बसला. सुकटीची डबी वाजवली, बाहेर येईना. पूर्ण नावाने हाक मारली, तरी येईना.

आम्ही सगळे बुचकळ्यात पडलो. बाई मात्र ओटीच्या पायरीवर बसून विचार करत राहिल्या आणि मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. आमच्या आळीत दिवसभर असतात कोण? बायका. पुरुष सकाळी कामाला जातात ते कारखान्यांतून आणि अलिबागच्या कचेऱ्यांतून दिवेलागणीला परततात. निखिलही यायचा तो बर्म्युडा घालून, आणि आल्या आल्या झोपायचा. ऑस्करच्या तोंडात आजवर हात घातला होता तो फक्त बायकांनी, बांगड्यांसकट. बिनबांगड्यांचा हात कसा असतो ते त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं.

"माझंच चुकलं," बाई म्हणाल्या. "उसवा."

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी नाक्यावरच्या टपरीशेजारी एक स्टूल दिसू लागलं. स्टुलावर ऑस्कर, बाजूला बाई. बसमधून उतरणाऱ्या प्रत्येक पुरुषाने घरी जाण्याआधी दात बघायचे. निखिल आपला टाय विसरून गेला होता, तो टपरीच्या खिळ्याला टांगलेला. तो गळ्यात अडकवायचा, तपासणी करायची, पुढच्याच्या गळ्यात घालायचा आणि घरी जायचं. पांडू घरत खिडकीत बसून आला होता, केस विस्कटलेले, तोंडाला जरा वास. तो म्हणाला, "बाई, मी आज थोडी घेतलीय. मी नको."

"तू हवासच. परीक्षक कसा निघेल काय सांगावं."

"पन ह्यो चावनार न्हाय ना?"

"तो नाही चावायचा. तू हात धुतलेस का?"

पांडूने टपरीवरच्या पाण्याने हात धुतले, टाय घातला, आणि ऑस्करच्या पुढ्यात असा वाकला की टाय ऑस्करच्या तोंडात गेला. पण ऑस्कर पळाला नाही. बाईंनी दोघांनाही सुकट देऊ केली. पांडूनेही घेतली.

सकाळी वाडीत अडथळ्यांचा अभ्यास चालायचा. पोफळींच्या ओळीतून नागमोडी पळायचं, याला बाईंनी साध्या टाक्याचं नाव दिलं होतं, धावदोरा. एक झाड डावीकडे, पुढचं उजवीकडे. अडचण एकच होती. ऑस्करला प्रत्येक पोफळीपाशी थांबून तंगडी वर करावीशी वाटायची. "गाठ मारू नकोस, पुढे चल," असं म्हणत बाई बरोबर धावायच्या. जुन्या सुती साड्या जोडून आणि वेताची कडी घालून त्यांनी बोगदा शिवला. आतून बाहेरून सारखाच सुबक, कुठे दोरा लोंबकळत नाही. मी म्हटलं, कुत्र्याला काय कळतंय आतली शिवण? तर म्हणाल्या, "आतून जाणार तोच आहे ना?" उडीची काठी मात्र त्यांनी जमिनीवरच ठेवली होती. पिल्लाचे सांधे अजून कच्चे आहेत, असं त्या सगळ्यांना बजावून सांगायच्या.

एव्हाना आळीला एक गोष्ट कळून चुकली होती, आणि बाई सोडून सगळे ती उघड बोलत होते. ऑस्कर दुपारी शिवणयंत्राच्या पायडलवर झोपायचा. त्याची झोप मोडू नये म्हणून बाई यंत्र चालवत नसत. लगीनसराईच्या तोंडावर ब्लाउज रखडले. ज्या बाईंनी आयुष्यात कुणाला उशीर केला नव्हता, त्या गिऱ्हाइकांना कुजबुजत्या आवाजात सांगायच्या, "उद्या या. तो निजलाय." एकटीच्या त्या घरात इतकी वर्षं पहाटे फक्त रहाटाचा आवाज यायचा, आता बाईंचं बोलणं ऐकू यायचं. कुत्र्याशी बोलायच्या, हवापाण्याचं, माशांचं, शाळेतल्या मुलींचं. मला ते ऐकून बरं वाटायचं आणि वाईटही. कारण तो शिकला की जाणार होता. बाई जितकं छान शिकवतील, तितकं त्याचं जाणं नक्की.

शेवटी मीच एकदा म्हटलं. "बाई, थोडं कच्चं राहू द्या की. शोमध्ये फजिती झाली तर निखिलची हौस फिटेल. मग राहील इथेच."

बाई काठीवरची माती पुसत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मुद्दाम वाकडी शिवण घालू? मी?"

"एवढ्यापुरती हो."

"तसं एकदा केलं ना शुभा, की मग हाताला कळतं, असंही चालतं म्हणून." मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "मला काय कळत नाही होय? पण त्याची अक्कल मी कशी चोरू?" आणि हाक मारली, "ऑस्कर, धावदोरा!"

पनवेलच्या मैदानावर पोचलो तेव्हा ऑस्करचं पोट रिकामं होतं, कारण जे होतं ते वडखळला राहिलं होतं. तिथला थाट आम्ही कधी बघितला नव्हता. कुणी कुत्र्याचे केस यंत्राने वाळवतंय, कुणी क्लिपा लावतंय. बाई एका पांढऱ्या झिपऱ्या कुत्र्यापाशी थांबून मालकिणीला म्हणाल्या, "भांग वाकडा पडलाय हो." तिने खरंच पुन्हा पाडला.

पट्टा निखिल धरणार असं ठरलेलं. पण ऑस्करने बसकण मारली आणि तो उठेना. तेव्हा बाईंनी पदर खोचला, कॅनव्हासचे बूट आवळले आणि स्वतः उतरल्या. आधी अडथळ्यांची शर्यत होती. फळी झाली, बोगदा झाला, आणि नागमोडी खांबांशी येताच ऑस्करने पहिल्याच खांबावर तंगडी वर केली. मैदान हसलं. बाईंनी त्याला सुरुवातीच्या रेघेवर परत नेलं. पंच धावत आले, "मॅडम, पुन्हा सुरू करता येत नाही. तुमचा नंबर गेला."

"नंबर राहू दे. अर्धवट ठेवून कसं चालेल?" म्हणत बाईंनी त्याला पुन्हा पळवलं, आणि या खेपेला त्याने असा बिनगाठीचा धावदोरा घातला की लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. नंबर अर्थातच नाही. मी मनातल्या मनात हरखले. एक परीक्षा गेली होती. दुसरीही गेली तर?

दुसरी टेबलावरची. परीक्षक चांगला धिप्पाड, भरघोस मिशांचा, टाय लावलेला, अत्तराचा घमघमाट. तो ऑस्करवर वाकला तेव्हा मी नागेश्वराला नवस बोलले की हा त्याला चावू दे, निदान पळू तरी दे. परीक्षकाने ओठ वर केले, दात बघितले. कान, पाठ, मागचं सगळं. ऑस्कर उभा. चारही पाय ओळंब्यात, मान वर, शेपटी ताठ. माझ्या डोळ्यांसमोर आळीतले सगळे हात येऊन गेले, हिराचा, वकिलीणबाईंचा, पांडूचा. परीक्षकाने बाईंच्या हातात रिबिनीचं मोठं निळं फूल ठेवलं. पिल्लांत पहिला. मधुराने किंचाळून बाईंना मिठी मारली. मला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, ते फूल उलटं करून बघितलं आणि म्हणाल्या, "टाके लांब टाकलेत."

मधुरा काही दगड नव्हती. निघताना तिने बाईंना बाजूला घेऊन विचारलं, "मावशी, तुला ठेवायचा असेल तर राहू दे ना. निखिलला मी समजावते." बोलताना तिचा हात ऑस्करच्या मानेवरून निघत नव्हता. दर रविवारी ती त्याच्यासाठी यायची आणि ओटीवर त्याच्या शेजारी चटईवर झोपायची. बाईंनी तो हात बघितला. हात बघण्याची त्यांना सवयच होती.

"शिकून झालेल्या मुलींना शाळा ठेवून घेते का?" त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी या. पण गाडीने नको. लाँचने न्या, त्याच्या पोटाला बरं."

रविवारी आम्ही रेवसला गेलो. भाऊच्या धक्क्याची लाँच लागलेली होती. सामानात ऑस्करची चटई, सुकटीची डबी आणि घडी केलेला बोगदा. भांडुपच्या फ्लॅटमध्ये तो कुठे उघडणार होते कोण जाणे. बाई शेवटपर्यंत सूचना देत होत्या. पट्टा सैल धर. पाणी उकळून दे. नखं कापताना गप्पा मार. ऑस्कर फळीवरून लाँचमध्ये गेला तो अगदी शिकवल्यासारखा, न अडखळता. मग वळून कठड्याच्या फटीतून धक्क्याकडे बघू लागला.

लाँच सुटली. मधुरा हात हलवत होती, निखिल हलवत होता, आमच्या बाजूने मी हलवत होते, ओळखदेख नसलेले दोघंतिघंही हलवत होते. बाईंनी मात्र दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून ठेवले होते. मला ते बघवेना.

"बाई, निरोपाचा हात तरी करा हो."

"वेडी आहेस का?" लाँचवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "माझा हात वर दिसला की तो बसतो. आणि मी 'चल' म्हणेपर्यंत उठत नाही. तिकडे सगळे उतरून जातील आणि हा वाट बघत बसून राहील."

लाँच लहान होत गेली. आधी माणसं दिसेनाशी झाली, मग माणसं बसलेली जागा, मग नुसता एक ठिपका खाडीच्या तोंडाशी राहिला. लोक पांगले. टमटमवाला ओरडायला लागला. बाई तशाच उभ्या होत्या.

"आता त्याला नाही दिसायचं ना?" त्यांनी मला विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

मग त्यांनी पदराखालचा हात बाहेर काढला आणि वर केला.